पिकदाणीतली शेवंती

गिरणीनं नवऱ्याला घरी बसवलं, तेव्हा बाळाबाईला वाटलं होतं की आता म्हातारा देवळाच्या ओट्यावर तंबाखू मळत बसेल, चार टाळक्यांत गिरणीच्या जुन्या गोष्टी सांगेल, फार तर माढ्याला पुतण्यांच्या शेतावर जाऊन सुगीपुरता राहून येईल. पुरुषमाणसानं म्हातारपणी करायच्या गोष्टी काय कमी असतात? पण जोतीराम जॉबरनं काय करावं? त्यानं फुलं मांडायला घेतली.

फुलं! हा शब्द बाळाबाई अशा काही सुरात उच्चारायची, की ऐकणाऱ्याला वाटावं म्हाताऱ्यानं गांजाच धरलाय.

जोतीरामची सारी उमर साचेखात्यात, कामगारांवरचा जॉबर म्हणजे मुकादम म्हणून गेली होती. कापड विणणाऱ्या त्या शेकडो साच्यांचा खडखडाट ऐकून ऐकून त्याचे कान पार निकामी झाले होते. अगदी तोंडाजवळ तोंड नेऊन ओरडलं तर शब्द पोचायचा, तोही अर्धा. त्यामुळं या नवराबायकोची कुठलीच गोष्ट दोघांत राहत नसे. बाळाबाई बोलायची म्हाताऱ्याशी आणि ऐकायची सगळी चाळ. मुळातला आवाज खणखणीत, त्यात माढ्याकडचं पाणी. चाळीला करमणुकीला दुसरं काही लागत नसे.

ह्या खुळाला निमित्त झालं विजेचं. शहरातल्या बड्या लोकांच्या घरी वीज आली. बटण दाबलं की उजेड! मग त्या लोकांनी काचेच्या हंड्या, टांगते दिवे, पितळी कंदील सगळं घराबाहेर काढलं. दिव्यांमागनं आजोबा-पणजोबांच्या वेळच्या बाकीच्या जिनसा निघाल्या. मंगळवारच्या बाजारात जुन्या मालाची ओळ लागायची, ती आता लांबच लांब झाली. जोतीराम एका मंगळवारी कांदे आणायला म्हणून गेला आणि पितळेची पिकदाणी घेऊन आला.

"कांदं कुटं हायती?" बाळाबाईनं विचारलं.

म्हाताऱ्यानं पिकदाणी तिच्यापुढं धरली. तोंड पसरट, कंबर बारीक, बूड चेपलेलं. "कशी हाय?" म्हणाला.

"अवो, ही थुंकायची हाय! कुणा मेलेल्या सरदाराचं थुंकलेलं भांडं घरात आणलंत व्हय?"

"चिंच लावली की लख्ख निघंल," जोतीराम म्हणाला. त्याला वाटलं, बायको पितळेविषयी विचारतेय.

त्यानं खरंच ती चिंचेनं घासली, राखेनं घासली, ओला चिकणमातीचा गोळा तिच्या तळाशी दाबून बसवला आणि पिवळ्या शेवंतीच्या काड्या एकेक करून त्यात खोचल्या. बारक्या कंबरेतनं निघून शेवंती अशी चहूकडं फाकली, की उंबऱ्यावर सूर्य ठेवल्यासारखं दिसायला लागलं. बाळाबाईनं एकदा बघितलं, नाक मुरडलं आणि भाकरी थापायला निघून गेली. तव्यावरच्या भाकरीला तिनं ऐकवलं, "देवाला फूल न्हाय आनि थुंकीला शेवंती!"

मग रांगच लागली. ग्रामोफोनचा चेपलेला निळा कर्णा आला. तो त्यानं दाराच्या बाजूला भिंतीत ठोकला आणि त्यातनं निळ्या गोकर्णीचा वेल सोडला. टांग्याचे दोन दिवे आले, त्यांत जाई. काठ उडालेली काचेची हंडी आली. ती उलटी टांगून तिच्या कडेनं अबोली आणि मरवा. गिरणीच्या भंगारातनं सुटलेले लाकडी धोटे आले. ताण्याच्या उभ्या धाग्यांतनं आडवं सूत घेऊन इकडून तिकडं पळून पळून ते गुळगुळीत झाले होते. त्यांच्या पोटातल्या पोकळीत म्हाताऱ्यानं वाळलेली करडईची फुलं बसवली, काट्यांसकट. मधी ज्वारीचं एखादं कणीस.

करडईपाशी मात्र बाळाबाईचा तोल गेला.

"अवो, आमच्या बापाच्या रानात ह्ये काटं पायाला टोचलं म्हनून आमी रडत हुतो! आनि तुमी त्ये घरात टांगताय? उद्या बाभळीचा काटेरी फास आना. गोखरू आना. तोरान बांदू दाराला!"

चाळीत हशा पिकला. शेजारची चंद्रव्वा अक्कलकोटकडची. ती पदर तोंडाला लावून म्हणाली, "यव्वा, बाळाक्का! आता तुझ्या डोक्यावर बी एक हंडी पालथी घालून फुलं लावील गं तुझा नवरा!"

"लावंल की. त्याला काय, रिकामं भांडं दिसलं की झालं."

तिला असा हशा पिकवायला आवडायचा. म्हाताऱ्याला यातलं काही ऐकू जात नाही, हे तर फारच सोयीचं होतं. ती बोलायची, बायका हसायच्या, तो बघून हसायचा. सगळे मिळून हसतायत, यापलीकडं त्याला काय कळणार? दुपारी चाळीच्या बायका धान्य निवडायला हिच्याच दारात जमायच्या. गोकर्णीच्या सावलीत बरं वाटतं असं कुणी बोलून दाखवत नसे, पण बसायला तिथंच यायच्या.

मग एक दिवस चाळीच्या तोंडाशी मोटार थांबली.

आतनं उतरली ती सात रस्त्यावरच्या बंगल्यातल्या वकिलांची, मानसिंगरावांची बायको विजयमालाबाई. उंच टाचांचे बूट, पाचवारी पातळ, हातात छत्री. पुण्याला शिकलेली. ती दारातल्या निळ्या कर्ण्यासमोर उभी राहिली आणि हाताचे पंजे एकमेकांत अडकवून म्हणाली, "किती सुंदर! अहो, विलायतेत हल्ली हीच फॅशन आहे. माझ्याकडं मासिकात चित्रं आहेत. कुणी केलंय हे?"

"ह्येनी," बाळाबाई म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिला हा शब्द उच्चारायला जड गेला नाही.

बाईंच्या बंगल्यावर चहापार्टी होती. पुण्याहून कुणा मोठ्या साहेबाची मडम यायची होती. सगळा दिवाणखाना जोतीरामनं सजवून द्यावा, अशी बाईंची इच्छा. बाळाबाईनं ती म्हाताऱ्याच्या कानात ओरडून ओरडून पोचवली. मानसिंगराव, बंगला, मडम, ह्यातलं काहीच त्याच्या डोक्यात शिरलेलं दिसलं नाही. त्यानं एकच विचारलं, "छत केवढं उंच हाय?"

विजयमालाबाईंनी छत्री उंच धरून दाखवलं. म्हातारा खूष.

पुढचे दिवस म्हाताऱ्यानं बाजारातनं आणखी हंड्या आणल्या, घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. बाळाबाईच्या तोंडाचा पट्टा चालूच होता, पण आता तिच्या बोलण्यात थोडा तोराही आला होता. "मडम येनार हाय म्हनं," ती चंद्रव्वाला म्हणाली. "तिला काय ठावं पिकदाणी कशाला म्हनत्यात ते! बगंल आनि वास घेईल." आणि पार्टीच्या दिवशी सकाळी तिनं आपलं इरकली लुगडं काढलं, नथ घातली आणि फुलांची पाटी डोक्यावर घेऊन म्हाताऱ्यामागं चालायला लागली. का, तर म्हणे तो रस्त्यात एखादं भांडं बघून तिथंच रेंगाळला, तर सात रस्त्याला पोचायचा नाही.

बंगल्यात जोतीराम शिडीवर चढला, तो दुपार कलेपर्यंत खाली आला नाही. ते छत खरंच उंच होतं. त्यानं मधोमध काचेच्या हंड्या लहानमोठ्या अंतरावर सोडल्या, कुठली वर, कुठली खाली. खिडक्यांतनं धोट्यांच्या माळा सोडल्या. करडईचा केशरी रंग उन्हात पेटला. कोपऱ्यातल्या तिवईवर पिकदाणी ठेवली. घरच्या भिंतीतनं काढून आणलेला निळा कर्णा दाराशी टांगला. बाळाबाई दारातनं बघत होती. तिनं कमरेवर हात ठेवला, मान तिरकी केली आणि काहीतरी वाईट बोलायचं म्हणून शोधलं. सापडलं नाही. मग ती म्हणाली, "शिडी सांबाळा, पडाल."

संध्याकाळी पाहुणे आले. दोघा नवराबायकोला बाजूच्या व्हरांड्यात बसवलं होतं. एका नोकरानं दोन कपांत चहा आणून दिला. एकाचा कान तुटलेला होता. मध्ये नुसता पडदा, त्यामुळं आतलं सगळं बाळाबाईला ऐकू येत होतं. "वाऽ", "ओऽ" असं चाललं होतं. तिनं म्हाताऱ्याला कोपरानं ढोसलं. तो बशीत फुंकर घालत होता.

एवढ्यात विजयमालाबाई पडदा सारून आल्या आणि जोतीरामला हाताला धरून आत घेऊन गेल्या. बाळाबाईला वाटलं, आता मडम म्हाताऱ्याच्या गळ्यात हार घालते. ती पडद्याच्या फटीला डोळा लावून उभी राहिली.

"हे आमचे आर्टिस्ट," विजयमालाबाई पाहुण्यांना म्हणाल्या. "मंगळवार बाजारातले. यांना ऐकू काही येत नाही हं. पण मजा बघा, काहीही विचारा, मान डोलावतात."

जोतीराम मध्ये उभा होता. धोतर मातीनं भरलेलं, मुंडाशात जाईची एक काडी अडकलेली. सगळे आपल्याकडं बघून हसतायत म्हणून तोही हसत होता.

एक जाड बाई पुढं झाल्या. "काय हो, या पिकदाणीत तुमचे आजोबा थुंकायचे का?"

म्हाताऱ्यानं मान डोलावली. खसखस पिकली.

"आणि त्या कर्ण्यातनं रोज गाढव ओरडतं का तुम्ही स्वतः?" कोट-टोपीवाला कुणी वकील म्हणाला. तो गोड हसून बोलला, त्यामुळं म्हाताऱ्यानं जास्तच जोरात मान डोलावली. एक पोरगी हसून हसून खुर्चीवर पडली.

"घरी बायकोही भंगारातनंच आणलीत का?"

जोतीरामनं हात जोडले. "व्हय जी. आपली किरपा."

त्यावर सगळा दिवाणखाना फुटला. विजयमालाबाई डोळे पुसत होत्या. मडमला मराठी कळत नव्हतं. तिच्या कानात कुणीतरी सांगत होतं आणि तीही दात दाखवत होती.

भंगारातली बायको, या शब्दाचं बाळाबाईला काही वाटलं नाही. असलं ती स्वतःच चाळीत रोज बोलायची. पण ते जोडलेले हात तिला बघवले नाहीत. मातीनं भरलेले, करडईच्या काट्यांनी ओरबाडलेले हात, आणि ते जोडून तो आपल्याला हसणाऱ्यांचे आभार मानत होता. तिच्या डोक्यात गेलं.

तिनं पदर खोचला आणि पडदा असा ओढला की तो कड्यांसकट हातात आला.

"लई हसू आलं व्हय?"

पाहुण्यांचं हसू थांबलं. जोतीराम तेवढा हसत राहिला, कारण तिचं ओरडणं त्याच्यापर्यंत पोचलं नव्हतं.

"हसा की. थांबलासा का? शिकल्यासवरल्या बाया तुमी! पुन्याला जाऊन ह्येच शिकून आलासा? बहिऱ्याला इचारायचं आनि त्यानं मान हालवली की खिदळायचं? आमच्याकडं शेळ्यांमागची पोरं असली खोडी करत्यात, आनि त्यास्नी बी आई मुस्काटात देती."

"अहो बाई, गंमत चालली होती," विजयमालाबाई म्हणाल्या.

"गंमत! ह्या मानसाला येडं म्हनायचं तर मी म्हनीन. माजा हक हाय त्यो. त्याच्या गिरनीच्या पाळ्यांला मी भाकरी बांदल्यात, त्याच्या अंगातला ताप मी उतरवलाय, त्याच्या कानात वरडून वरडून माजा गळा बसलाय. तुमी काय केलंय त्याच्यासाटी? एक कप च्या दिलाय. त्यो बी कान तुटलेला!"

आणि तिनं पिकदाणी उचलली. शेवंतीसकट पाटीत टाकली. मग धोट्यांच्या माळा ओढल्या. खुर्चीवर चढली. ज्या खुर्चीवर मघाशी ती पोरगी लोळत होती, तीच. एकेक हंडी सोडवायला लागली. अबोली पाहुण्यांच्या डोक्यावर पडत होती, मरव्याची पानं चहात पडत होती.

मानसिंगराव पुढं आले. "हे काय चाललंय?"

"आमचं सामान नेतोय, वकीलसाब. भंगारच हाय की. कायदा तुमाला ठावाच आसंल."

वकीलसाहेब दोन पावलं मागं सरले. मडमला मात्र वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग. शेवटची हंडी खाली आली, तेव्हा तिनं टाळ्या वाजवल्या. एकटीनंच. बाळाबाईनं तिच्याकडं असं बघितलं, की तिचे हात टाळीच्या मधेच थांबले.

सात रस्त्यावरनं ती निघाली, तेव्हा टांगेवाले वळून बघत होते. डोक्यावरच्या पाटीतनं फुलं, काच, पितळ, कणसं सगळं बाहेर डोकावत होतं आणि खाली बाई एकटीच तोंडानं फटाके फोडत चालली होती. मागनं जोतीराम कर्णा काखेत घेऊन येत होता.

घरी आल्यावर तिनं पाटी आपटली आणि त्याच्या कानाशी तोंड नेलं. "तुमाला हसत हुती ती लोकं! ठावं हाय का?"

"ठावं हाय."

बाळाबाईनं वळून त्याच्या तोंडाकडं बघितलं.

"कान गेल्यात माजं," जोतीराम म्हणाला. "डोळं न्हायत गेलं. हसनारं तोंड मला कळत न्हाय व्हय?"

"मग हात कशाला जोडलंत?"

"त्येंचं छत हुतं ना. एवढं उंच छत मला कुटं गावनार? दोन घटका हसली आसती, गेली आसती. उद्या सकाळच्या उनात त्या हंड्या कशा दिसल्या आसत्या, बगायचं हुतं मला. तू सगळं वरबाडून आनलंस."

"म्या तुमच्यासाटी..."

"आनि तू काय येगळं करतीस?" त्याचा आवाज वर गेला नाही. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती चढलाय ते कळत नाही म्हणतात, पण जोतीराम नेहमी हळूच बोलायचा. "दुपारी बाया जमवतीस, माज्याकडं बोट दावतीस आनि हसतीस. ते बी मला दिसतं की."

"माजं येगळं हाय!" ती ओरडली.

"कसं?"

वेगळं होतं हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण कसं, ते काही केल्या तोंडात येईना.

म्हातारा त्यानंतर तसाच बसून राहायला लागला. देवळाच्या ओट्यावर जायचा, तंबाखू मळायचा, चार टाळक्यांत बसायचा. म्हणजे बाळाबाईला हवं होतं अगदी तसंच. पाटीतली फुलं वाळली, मग कुजली. गोकर्णीला पाणी घालायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. चंद्रव्वा दारात आली आणि सवयीनं म्हणाली, "काय गं, आज म्हाताऱ्यानं कुठल्या मडक्यात काय कोंबलं?"

"तुजं काय जातंय?" बाळाबाई तिच्यावर अशी खेकसली, की चंद्रव्वा सूप उचलून आपल्या दारात गेली ती दोन आठवडे आली नाही.

सात रस्त्याकडच्या बातम्या मात्र येत होत्या. त्या बंगल्यात आता खिडक्यांतनं कंदील टांगलेत आणि त्यांत मुंबईहून आणवलेली कागदी फुलं लावलीत, असं दूधवाला ज्ञानबा सांगून गेला. शेजारच्या दोन बंगल्यांनीही तेच केलं. "कागदाची!" बाळाबाई म्हणाली. "पावसात भिजली की चिपाड हुतील. आनि त्या लोकांची अक्कल बी." पण एकटीनं बोलण्यात मजा नव्हती. ऐकणारं कुणी नव्हतं, आणि ज्याला ऐकू येत नव्हतं तो ओट्यावर होता.

एका मंगळवारी ती स्वतःच बाजारात गेली. जुन्या मालाच्या ओळीतनं ती नाक वर करून चालली. असल्या घाणीत बसून हा माणूस तासन्‌तास काय बघायचा, देव जाणे. एक गंजका पिंजरा तिनं उचलला, टाकला. एक फुटकी सुरई उचलली, टाकली. शेवटी तिनं एक किटली घेतली, चोच वाकडी झालेली, निळ्या एनॅमलचे टवके उडालेली. का घेतली, ते तिलाही सांगता आलं नसतं. त्या किटलीला बघून तिला राग आला नाही, एवढंच.

घरी येऊन तिनं त्यात माती कोंबली. चाळीमागच्या परड्यातली सदाफुली उपटून आणली, कण्हेराची फांदी मोडून आणली आणि दोन्ही त्यात घुसवली. एक फांदी एकीकडं कलली. तिनं ती सरळ केली. दुसरी कलली. तिनं मातीवर बुक्की मारली.

जोतीराम दारात कधी येऊन उभा राहिला, ते तिला कळलं नाही. तो किटलीकडं बघत होता. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या.

"ह्याला काय फुलं लावनं म्हनत्यात?" तो म्हणाला. "चुलीत काटक्या सारल्यागत सारल्यात. सदाफुलीसंगं कनेर? आनि चोच भितीकडं का केलीय? वाकडी हाय तर दिसू दे की वाकडी! काय डोळं हायत का बटनं?"

बाळाबाईला जन्मात कुणी इतकी नावं ठेवली नव्हती. ती सासूच्या हाताखाली नांदली होती, आणि सासूनंही ठेवली नव्हती. तिनं किटली जमिनीवरनं उचलली. आता ही ती त्याच्या डोक्यात घालते की काय, असं पलीकडनं बघणाऱ्या चंद्रव्वाला वाटलं. पण तिनं ती त्याच्यापुढं ठेवली, स्वतः फतकल मारून समोर बसली आणि म्हणाली, "मग दावा की कसं लावत्यात ते."

हळू म्हणाली, त्यामुळं त्याला ऐकू गेलं नाही. तिला ते सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं पुन्हा ओरडावं लागलं.